चवथीला मूळ घरी जायचंय, हात साथ देत नाहीत. घरच्यांना 'एवढंच जमेल' हे कसं सांगता?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय चौतीस, राहते गोव्यात, फोंड्याला. नवरा, मी आणि सहा वर्षांची लेक. लेक लहान असतानाच मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. ह्यात आपली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन), अधूनमधून रक्त तपासून यकृत ठीक आहे ना ते बघायचं, असं चालू आहे. बऱ्यापैकी आटोक्यात आहे. पण सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत. टूथपेस्टचं झाकण नवरा रात्रीच काढून ठेवतो. दहा वाजता बघाल तर मी स्कूटर चालवत ऑफिसला निघालेली. सगळी गोची इथेच आहे, कारण लोक मला दहानंतरच बघतात.

सासर सत्तरी तालुक्यात. मूळ घरात पाच दिवसांचा गणपती. चार भावांची बिऱ्हाडं एकत्र येतात, पंचवीस-तीस पानं सहज. पहाटे पाचला स्वयंपाकघर सुरू. सुना म्हणजे आम्ही चौघी. गेल्या वर्षी तयेच्या (हरतालिकेच्या) आदल्या दिवशी नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना बसले. मुरड घालताना अंगठा आणि तर्जनी दाबून दाबून वळवावी लागते ना, तिसऱ्या ताटापर्यंत अंगठ्याचा सांधा लाल होऊन चिंचोक्याएवढा वर आला. तरी बसले. मग खतखत्याच्या भाज्या, आदोळीवर (विळीवर) नारळ. विसर्जनानंतर घरी आले ती अंथरुणालाच खिळले. ऑफिसात बिनपगारी रजा.

सासूबाई वाईट नाहीत. पण त्यांच्या लेखी मी 'दिसते तर बरी'. आत्या तर शेजारच्या बाईला माझ्यासमोरच म्हणाल्या, "फोंड्याची सून मेणाची."

यंदा आधीच सांगायचं ठरवलंय. पण सांगायचं कोणी, मी की नवऱ्याने? आणि किती सांगायचं? औषधांचं सांगितलं की विषय दुसऱ्या मुलावर जातो, तो मला तीस माणसांत नको आहे. तुम्ही काय केलंत?

रातांबा

नवऱ्याने सांगायचं. त्याची आई, त्याची आत्या, त्याचं घर. धागा संपला. :)

वेलचीबाय

रातांबा, इतकं सोपं असतं तर धागा निघाला असता का?

अबोली, आधी एक विचारते. गेल्या वर्षी अंगठा सुजला तो कोणाला दाखवलास का? की पदराखाली झाकून मुरड घालत बसलीस?

अबोली_फोंडा

वेलचीबाय, झाकून बसले. सणाला अपशकुन नको म्हणून.

काणकोणकर

मी थोडं उलटं लिहितो, राग मानू नये.

हल्ली 'मर्यादा आखणे' हा शब्द फार ऐकू येतो. आमच्याकडे घर म्हणजे एकमेकांच्या ताटात हात. आईचा दमा मी लहानपणापासून बघितला. काकू, मामी, शेजारीण, सगळ्यांची लुडबूड होती. कोणी काढा आणायचं, कोणी विचारायचं काल रात्री झोप लागली का. वैताग यायचा. पण रात्री दोनला धाप लागली तेव्हा ह्याच लुडबुड्या माणसांनी गाडी काढली आणि काणकोणहून मडगावला नेलं. लुडबूड नको आणि सेवा हवी, असं जमत नाही. तुम्ही एकेका गोष्टीला 'नाही' म्हणत गेलात तर वेळेला बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसायला कोण येणार?

पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. जमेल तेवढं करावं, बोलतील ते या कानाने ऐकावं, त्या कानाने सोडावं.

रातांबा

काणकोणकर, "पाच दिवसांचा तर प्रश्न" हे पुरुषाने लिहिलंय हे आयडी न बघता ओळखलं. तुम्ही चवथीला काय करता?

काणकोणकर

माटोळी बांधतो, गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगतात ती. रानात जाऊन आणतो सगळं. तेही काम आहे.

रातांबा

आहेच. आणि माटोळी दहानंतर बांधली तरी चालते.

झुआरीपार

काणकोणकरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण त्याला दुसरी बाजू आहे. मी वास्कोचा, डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास.

माझी थोरली बहीण भेटायला आली की शहाळी घेऊन येते. आजारी माणसाला शहाळं, हा आपल्याकडचा धर्मच. आता माझ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि शहाळ्यात ते भरपूर. रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय दिवसभरात पाणी किती प्यायचं तेही मोजून. मी म्हणायचो, "बाय, मला चालत नाही." ती म्हणायची, "एकाने काय होतंय? नैसर्गिक आहे." मी चिडायचो, ती रडायची. वहिनी मला म्हणायची की बहिणीचं मन मोडतोस.

शेवटी एका मंगळवारी तिला डायलिसिसला सोबत नेलं. चार तास बसली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचं वजन आधी-नंतर करताना बघितलं, नळीतून रक्त फिरताना बघितलं. सिस्टरला तिनेच विचारलं की शहाळं का नको. मी वर्षभर जे सांगत होतो तेच सिस्टरने सांगितलं, पण सिस्टरचं पटलं! घरी येताना गाडीत एकच प्रश्न, "मग मी आणू काय?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिला शहाळं द्यायचं नव्हतं, तिला काहीतरी करायचं होतं. आता मंगळवारची ने-आण तिच्याकडे. शहाळ्यांचा विषय कायमचा बंद.

फिश्चुलाचा हात (डायलिसिससाठी ज्यात शीर आणि धमनी जोडलेली असते तो) मात्र अजून कोणी ना कोणी पकडतोच. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. लग्नात कोणी प्रेमाने तोच दंड धरून ओढलं की जीव वरखाली होतो. भाच्याला मात्र त्या हाताला कान लावून आतली घरघर ऐकायला आवडते. सगळ्यांना सांगतो, "मामाच्या हातात कदंब बस आहे." (कदंब म्हणजे आपली सरकारी बस.)

निवांत_म्हापसा

कदंब बस :D :D वेळेवर सुटते ना?

झुआरीपार

निवांत, आतली सुटते. बाहेरची गॅरंटी नाही.

फार्मसीवाला

औषधांच्या अंगाने थोडं. मी औषधाच्या दुकानात असतो.

अबोलीताई, घरच्यांना बाकी काही सांगा न सांगा, एक गोष्ट सांगाच. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. मूळ घरी गेल्यावर प्रेमाने औषधं काढून देणारी माणसं भेटतात, "आज गोळी घेतली नाहीस वाटतं" म्हणून हातावर ठेवतात. पाकिटावर ठळक अक्षरात वार लिहा. हवं तर ती गोळी वेगळ्या डबीत, फक्त तुमच्या पर्समध्ये.

दुसरं म्हणजे पुड्या. सांधेदुखीवर कोणाच्या तरी ओळखीचा कोणीतरी बिनलेबलची पुडी देतो. दोन दिवसांत चमत्कार, माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची उदाहरणं आहेत. चमत्कार त्याचा असतो. मग पुडी संपली किंवा एकदम बंद केली की हाल. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. वैद्याचं नाव, औषधाचं नाव, बॅच नंबर असलेलं काही असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवून विचारा. पण पुडी आणणाऱ्या मामाला नाही म्हणणं हा उद्धटपणा नाही.

मधलीसून

एचसीक्यूवरून आठवलं. २०२० मध्ये करोनाला ती गोळी चालते अशी हवा झाली तेव्हा दुकानांत मिळेना. मला ल्युपस आहे, हाही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार, माझी रोजची गोळी ती. तेव्हा इतकी वर्षं "कसल्या गोळ्या खातेस सारख्या" म्हणणारे सासरचे लोक माझ्याकडे गोळ्या मागायला आले! चुलत सासरे म्हणाले, "तुझ्याकडे स्टॉक असेल ना, चार दे." मी दिल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांना तोंडावर नाही म्हटलं. सहा महिने बोलले नाहीत माझ्याशी. त्या सहा महिन्यांत कोणी मला चहा करायला उठवलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

वेलचीबाय

मधलीसून _/\_

ल्युपसचा_नवरा

मधलीसून, आपण एकाच बोटीतले दिसतो. माझ्या बायकोला ल्युपस आहे.

रातांबांनी लिहिलं नवऱ्याने सांगायचं. मी तेच केलं आणि सपाटून आपटलो. आईला फोन करून म्हटलं, "तिला ह्या वेळी जमणार नाही." आई शांतपणे म्हणाली, "ती बोलतेय की तू?" त्या दिवसापासून मी बायकोचा बैल. बायकोवर ठपका वेगळाच, की स्वतः बोलत नाही, नवऱ्याला पुढे करते.

मग दुसऱ्या वर्षी काही बोललोच नाही. पहाटे आंघोळ करून सोवळं नेसलो आणि पातोळ्यांची हळदीची पानं पुसायला स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आई म्हणाली, "तू कशाला?" म्हटलं, "तिच्या वाटणीचं मी करतो." पानं पुसली, पिठाचा हात फिरवायला शिकलो, पहिल्या दहा पातोळ्या फाटल्या. काकी हसून हसून लोळली. पण 'ती काम टाळते' हा विषय त्या दिवशी संपला, कारण काम झालेलं होतं. माझ्या मते घरच्यांचा राग आजारावर नसतोच. एक माणूस कमी झालं की त्याचा भार उरलेल्या तिघींवर येतो, राग त्याचा असतो. नुसता निरोप घेऊन जाणारा नवरा तो भार कमी करत नाही.

ऊन हा आमच्याकडचा वेगळा तमाशा. ल्युपसमध्ये उन्हाने आजार उसळतो. शिगम्याला, विसर्जनाला ती सावलीत थांबली की कोणीतरी येऊन सांगणारच, "बाहेर बस गो, ऊन अंगाला लागूं दी, व्हिटॅमिन मेळटा." त्यावर आता लेकच उत्तर देते, "आईचं व्हिटॅमिन डॉक्टर देतात."

काणकोणकर

ल्युपसचा_नवरा, हे पटलं. कामाचा भार वाटून घेणं आणि 'नाही' म्हणणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी एकाच मोटेत बांधत होतो. पण सोवळं नेसून पातोळ्या? आमच्या घरी भटजीच उठून जातील.

रातांबा

भटजींनाही एक पान द्या पुसायला.

पुणेरी_जावई

खतखतं म्हणजे नक्की काय? बायको माशेलची आहे, विचारलं तर "खाल्लंस ना गेल्या वर्षी" एवढंच उत्तर मिळतं.

निवांत_म्हापसा

अरेरे, जावईबापू. तुरीची डाळ, कणगी, सुरण, माडी (अळूचा कंद), नीरफणस, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेंग, मुळा, जे मिळेल ते. नारळाचं वाटण, गूळ, सोलं आणि मुख्य म्हणजे तेफळ. तेफळ नसेल तर ते खतखतं नव्हे, मिक्स व्हेज.

वेलचीबाय

मुळा? आमच्याकडे मुळा घालतात पण नीरफणस नाही.

निवांत_म्हापसा

वेलचीबाय, मग तुमच्याकडे खतखतं होत नाही. :P

झुआरीपार

वरच्या यादीतलं अर्धं मला पोटॅशियममुळे वर्ज्य आहे, तरी तेफळाचा वास आला. लोकहो, दया करा.

मधलीसून

खतखत्याला वेगळा धागा काढा रे. इथे एका बाईने मनातलं लिहिलंय.

इन्सुलिनवाली

मी कुठेच असं लिहिलेलं नाही, इथे लिहिते.

मला टाइप वन मधुमेह आहे, शाळेत असल्यापासून. वय सव्वीस. हाही अबोलीताईंसारखाच, प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. साखर खाऊन झालेला नाही. तरी प्रत्येक लग्नात कोणीतरी आईला म्हणतंच, "लहानपणी चॉकलेटं फार दिलीस गो."

माझा त्रास तुमच्या उलटा आहे. तुम्हाला घरच्यांना सांगायचंय, माझ्या घरच्यांना कोणाला कळू द्यायचं नाही. स्थळं बघताहेत. आईचा हुकूम, पाहुण्यांसमोर इंजेक्शन काढायचं नाही. त्यामुळे समारंभात मी संडासात उभी राहून इन्सुलिन घेते. गेल्या चवथीला मामाकडे जेवण बाराला म्हणाले म्हणून पावणेबाराला घेतलं आणि आत आरती सुरू झाली. एका आरतीच्या सात झाल्या. टाळ वाजताहेत आणि मला घाम फुटलेला, हात थरथरताहेत, समोर नैवेद्याचे मोदक आणि देवाच्या आधी हात लावायचा नाही. पर्समधली ग्लुकोजची पूड तोंडात टाकली तर मामी म्हणाली, "एवढी भूक?"

त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं की यापुढे पान वाढल्यावर, पंगतीत बसून, सगळ्यांसमोर इंजेक्शन घेणार. स्थळ मोडलं तर मोडू दे. आई आठवडाभर धुमसत होती. बाबा म्हणाले, "ज्याला लग्नानंतर कळणार आहे त्याला आधी कळू दे." आई अजून 'बघू' वरच आहे.

वेलचीबाय

बाबांना नमस्कार सांग. आणि ग्लुकोजची पूड पर्समध्ये होती हे फार बरं झालं.

फार्मसीवाला

इन्सुलिनवाली, घरात निदान एकाला तरी साखर उतरल्याची लक्षणं आणि काय द्यायचं ते शिकवून ठेवा. मामीलाच शिकवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन, हेही.

आजी_डिचोली

नातीने टायपायला शिकवलं आहे. चुका पदरात घ्या.

सगळे सासूला बोलतात म्हणून सासू म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या सुनेला काहीतरी आहे हे मला माहीत होतं. काय ते कोणी सांगत नव्हतं. मुलगा म्हणायचा, तिला बरं नाहीये. दुसऱ्या दिवशी ती नटून हळदीकुंकवाला चाललेली. मग मला काय वाटणार? मी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी विहिरीचं पाणी ओढलेली बाई. 'बरं नाही' म्हणजे ताप असेल, तर अंथरुणावर असावी, एवढंच मला ठाऊक. एक दिवस बरं आणि एक दिवस नाही असा आजार असतो हे कोणी मला सांगितलंच नाही. टीव्हीवर पण दाखवत नाहीत.

मग एकदा ती माझ्याकडे राहायला आलेली. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून पीत होती, बोटांनी नाही. मी विचारलं असं का धरतेस. तेव्हा तिने सांगितलं. साध्या शब्दांत. सकाळी बोटं मिटत नाहीत, दुपारी मिटतात. एवढं वाक्य मला तीन वर्षं आधी मिळालं असतं तर मी तिला भाकऱ्या थापायला बसवली नसती.

तेव्हा अबोली, 'मला जमणार नाही' असं सांगू नकोस. ते ऐकून सासूचं डोकं फिरतं. सकाळी काय जमत नाही आणि दुपारी काय जमतं ते सांग. कामाचं नाव घेऊन सांग. नवऱ्याला पुढे करू नको, त्याला बाजूला बसव. दुसऱ्या मुलाचं कोणी काढलं तर उत्तर द्यायची गरज नाही. मी सांगते काय म्हणायचं, "आमचं आम्ही डॉक्टरांशी बोलतो." आणि लगेच विचारायचं, "तांदूळ निवडायला घेऊ?" बाई कामाचं विचारलं की बाकी विसरते.

रातांबा

आजी, तुम्ही ह्या धाग्याचं सोनं केलंत.

ल्युपसचा_नवरा

"नवऱ्याला बाजूला बसव." लिहून भिंतीवर लावतो.

मधलीसून

आजींचं बरोबर आहे, पण सगळ्या सासवा कप कसा धरलाय ते बघत नाहीत हो. माझ्या सासूबाईंना कामाचं नाव घेऊन, वेळ सांगून, डॉक्टरांची फाइल दाखवून झालं. त्यांचं उत्तर, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." काही माणसांना समजावून उपयोग नसतो. तिथे मी कमी जाते. चवथीला दीड दिवस, दुपारी पोचायचं. मूळ घरचा गणपती पाच दिवसांचा, माझा दीड दिवसाचा. त्यांना राग आहे, असू दे. तो राग गेला पाहिजे असा हट्ट मी सोडला, तेव्हा जरा निभायला लागलं.

दुसऱ्या मुलाबद्दल अबोलीला: मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहिले तर बाळाला व्यंग येऊ शकतं. विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बंद करून थांबावं लागतं. हे तुम्हाला माहीत असेलच. मी एका नणंदेला विश्वासाने सांगितलं होतं, तर चार दिवसांत अख्ख्या वाड्यात 'तिला मूल होणार नाही' असं पसरलं. म्हणून तुमचं बरोबर आहे, हे तीस माणसांत नकोच.

काणकोणकर

मधलीसून, कोणी पैसे घालत असेल तर कमी जाणंही सोपं नसतं. माझ्या मेव्हणीच्या महागड्या इंजेक्शनांचा खर्च तिचा दीर करतो. त्यामुळे तिने कुठे जायचं, काय खायचं, नोकरी करायची की नाही, सगळ्यात त्याचा शब्द. ती गप्प बसते. अशा माणसाला तुम्ही काय सांगाल?

झुआरीपार

काणकोणकर, खर्च जमेल तितका आपल्या हातात घ्यायचा. २०१६ पासून आपल्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. पण ती दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांना. तुमच्या मेव्हणीचं इंजेक्शन त्यात बसतं का ते बांबोळीला किंवा योजनेच्या काउंटरवर कागद घेऊन विचारा. कार्ड तिच्या स्वतःच्या हातात असू दे, दिराच्या कपाटात नको.

निवांत_म्हापसा

आमच्या काकाला गाउट (युरिक अ‍ॅसिडचा संधिवात). सगळे भाऊ उर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या सीझनला त्याला बोलावतात, "एक घे रे, काजूचं आहे, फळच ते." तो मर्यादा वगैरे बोलत नाही. ग्लासात लिंबूसोडा घालून उर्राक म्हणून पितो आणि सगळ्यांत जास्त नाचतो.

रातांबा

हा काका मला धाग्यावर हवाय.

अबोली_फोंडा

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. उशिरा उत्तर देतेय कारण मधे थोडं घडलं.

आजी, तुमचं वाक्य तसंच्या तसं वापरलं. आधी थोरल्या जावेला फोन केला, सासूबाईंना नाही. तिच्यावरच माझा भार पडतो म्हणून. म्हटलं, "वहिनी, सकाळी नऊपर्यंत माझी बोटं मिटत नाहीत. पहाटेच्या स्वयंपाकाला मी नाही. नेवऱ्यांची मुरड, नारळ खवणं आणि मोठी भांडी उचलणं, ही तीन कामं मला अजिबात नकोत. दहानंतर पूजेची फुलं, दूर्वा, मुलांची जेवणं, बाजारहाटाचा हिशेब, दुपारच्या चहाचं सगळं माझ्याकडे." ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हिशेब घेशील? खरंच? मला त्याचाच कंटाळा आहे." चारही भावांत वर्गणी, भटजींची दक्षिणा, माटोळीचं सामान, सगळं ती एकटी वहीत लिहायची आणि वर शिव्या खायची. मला हे माहीतच नव्हतं.

नारळ यंदा मिक्सरला, असं तिनेच ठरवलं. दोन नारळ मात्र देवासाठी आदोळीवर, ते नवरा खवणार. त्याला ल्युपसचा_नवरा यांची पोस्ट वाचायला दिली. वाचून म्हणाला, "फाटलेल्या पातोळ्या कोणी खाल्ल्या?"

सासूबाईंना जावेने सांगितलं, नंतर मी फोन केला. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चे पाच अर्थ असतात, हा कुठला ते तिथे गेल्यावर कळेल.

अडलंय ते नेवऱ्यांवर. वाळपईतल्या एक बाई ऑर्डरवर करून देतात. जाऊ तयार आहे. आत्यांनी फोनवर ऐकवलं, "देवाला विकतच्या नेवऱ्या? उद्या गणपतीच ऑनलाइन मागवा."

ल्युपसचा_नवरा

त्या दहा मीच खाल्ल्या. आईने बसवून खायला लावल्या.

वेलचीबाय

नैवेद्याच्या पानापुरत्या घरात करा, बाकी ताटंभर विकत. आमच्याकडे कित्येक वर्षं हेच चालतं, आणि देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. घरातल्या करायला आत्यांनाच बसवा.

आजी_डिचोली

हो. आत्याला म्हण, "तुमच्या हातची मुरड कोणाला येत नाही, नैवेद्याच्या तुम्हीच करा." ती नाही म्हणणार नाही. मला असंच फसवतात.

इन्सुलिनवाली

अबोलीताई, हिशेबाचं भारी झालं.

आजी, माझ्या आईला पण एक फोन कराल का?

आजी_डिचोली

नंबर इथे लिहू नकोस. नातीला विचारून निरोप कसा पाठवायचा ते बघते.

साखळीचा_सदा

चांगला धागा. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे आणि ते दुकानावर बसायचं सोडत नाहीत. आम्ही भावंडं गल्ल्याला हात लावू देत नाही म्हणून भांडणं चालू आहेत. सुट्टे मोजताना हात थरथरतो, गिऱ्हाईक बघत राहतं. पण घरी बसवलं तर दिवसभर एकही शब्द बोलत नाहीत. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

मधलीसून

इथेच विचारा. गर्दी कुठल्या वेळी असते दुकानात? आणि गोळीनंतर हात कधी स्थिर असतात, ते बघितलंय का?

साखळीचा_सदा

सकाळी दूध-पावाची गर्दी. गोळीनंतर तासाभराने बरे असतात, म्हणजे साडेनऊ ते अकरा. तेव्हा दुकानात कोणी नसतं.

काणकोणकर

मग गल्ला त्या वेळी त्यांच्याकडे. आणि गर्दीच्या वेळी उधारीची वही. आमच्या गावचे एक दुकानदार म्हातारपणी नुसती उधारीची वही घेऊन बसायचे, अख्खा गाव त्यांना टरकून असायचा.